झेंडूच्या देशाची कला आणि आपल्या मुलांचे हात

दसऱ्याला दाराच्या चौकटीवर चढणारा झेंडू आपल्याला इतका घरचा वाटतो, की तो परमुलखातून आलेला आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. आपल्या रोजच्या स्वयंपाकातील मिरची आणि मका यांचेही मूळ घर तेच. मेक्सिकोत दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबरला कुटुंबातील दिवंगतांचे स्मरण करतात. घरात आरास मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि त्यांना घराची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची पायवाट घालतात. पितृपक्षात पान वाढणाऱ्या आपल्या घरांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

या देशाच्या लोककलेत कागद कापणे, लगदा थापणे, दोरा गुंडाळणे, माती मळणे अशी हातांची कामे भरपूर आहेत. प्राथमिक शाळेतील मुलांच्या हाती ती द्यावीत, असे मला डॉक्टर म्हणून वाटते. कलेविषयी अधिकाराने बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु मुलांच्या हातांविषयी मात्र दवाखान्यातील अनुभवावरून चार गोष्टी सांगता येतील.

तक्रार तीच, औषध निराळे

पहिली ते चौथीच्या मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांच्या तक्रारींत अलीकडे तीन वाक्ये वारंवार ऐकू येतात : लिहिताना हात दुखतो म्हणतो, अक्षर अगदी वाईट आहे, एका जागी दहा मिनिटे बसत नाही. पाठोपाठ विनंती येते, ‘डॉक्टर, ताकदीचे एखादे टॉनिक लिहून द्या.’ तपासल्यावर बहुतेक मुले निरोगी निघतात. त्यांना शर्टाचे बटण लावायला सांगितले, की मात्र खरी गोष्ट उघड होते. बोटे अडखळतात आणि शेजारी बसलेल्या आईचा हात नकळत मदतीला पुढे येतो. या मुलांचे हात आजारी नसतात. त्यांना पुरेसे काम मिळालेले नसते.

आपल्या प्रत्येक हातात २७ हाडे असतात. त्यांपैकी मनगटातील आठ लहान हाडे जन्माच्या वेळी कूर्चेच्या स्वरूपात असतात आणि क्ष-किरण चित्रात बहुधा दिसतच नाहीत. पुढील वर्षांत ती एकेक करून टणक होत जातात. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या चित्रात साधारणपणे सात हाडे दिसू लागतात. आठवे, वाटाण्याएवढे हाड त्यानंतर काही वर्षांनी दिसते. म्हणजे पहिलीत बसलेल्या मुलाचे मनगट अजून घडतच असते. त्या मनगटाकडून आपण पानेच्या पाने लिहून घेतो आणि ते दुखले की आश्चर्य करतो.

हाडांइतकाच मेंदूचाही येथे संबंध आहे. शरीराच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यात हाताला, विशेषतः अंगठ्याला, त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळालेली आहे. ही जोडणी वापराने पक्की होते. पूर्वी शेंगा सोलणे, तांदूळ निवडणे, फुले ओवणे, सुपारी कातरणाऱ्या आजोबांच्या शेजारी बसून पान पुसणे अशा कामांतून ती आपोआप होत असे. मोबाईलच्या काचेवर बोट सरकवताना पकड, दाब, पीळ आणि दोन्ही हातांचा मेळ यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. मुलाला चित्रफितीतून हस्तकला ‘दाखवणे’ आणि त्याच्याकडून ती करून घेणे, यांत म्हणूनच फार मोठे अंतर आहे.

सात रेघांची शाळा

मेक्सिकोने हा विचार शंभर वर्षांपूर्वी शाळेत आणला. १९२१ मध्ये तेथे सार्वजनिक शिक्षणाचे नवे मंत्रालय स्थापन झाले. त्याच्या चित्रकला विभागाचे काम आदोल्फो बेस्त मौगार्द या चित्रकाराकडे आले. त्याने देशातील जुन्या लोककलेचा अभ्यास करून सात मूळ आकार निवडले : चक्राकार वेटोळे, वर्तुळ, अर्धवर्तुळ, इंग्रजी ‘एस’सारखे वळण, लाटेची रेघ, नागमोडी टोकदार रेघ आणि सरळ रेघ. या सातांच्या जुळणीतून फूल, पक्षी, घर, डोंगर काहीही काढता येते, असे तो शिक्षकांना शिकवू लागला. १९२३ मध्ये त्याचे या पद्धतीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

ही यादी वाचून आपल्याकडील कोणत्याही आजीला रांगोळी आठवेल. मला मात्र देवनागरी अक्षरे आठवतात. ‘व’मधील गोलाई, ‘ट’मधील अर्धवर्तुळ, ‘ह’मधील वळणे, काना आणि शिरोरेषा या सगळ्यांची तयारी त्या सात आकारांत आहे. ज्या मुलाचे अक्षर ‘वाईट’ आहे, त्याला शुद्धलेखनाची आणखी दहा पाने देण्यापेक्षा पंधरा दिवस रोज मोठ्या कागदावर या सात आकारांची नक्षी काढू द्यावी. कागद भिंतीवर चिकटवून उभ्याने काढल्यास खांदा आणि मनगट दोन्हींना व्यायाम होतो.

त्याच काळात, १९२३ ते १९२८ या वर्षांत, दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरातील त्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंती चित्रांनी भरून काढल्या. सामान्य माणसाला पुस्तक वाचता आले नाही तरी भिंत वाचता यावी, हा त्यामागचा हेतू होता. त्यातील ‘आमची भाकर’ या आशयाच्या चित्रात जेवणाच्या मेजाच्या मध्यभागी बसून सर्वांना भाकर वाटणारा जो माणूस दिसतो, तो आपल्या वर्ध्याचा आहे. गदर चळवळीतील क्रांतिकारक आणि पुढे मेक्सिकोतील चापिंगो येथील शेतकी विद्यालयात प्राध्यापक झालेले डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्यावरून रिव्हेराने ती आकृती रेखाटली. खानखोजे यांनी तेथे मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. मेक्सिकोची ओळख मुलांना करून देताना ही गोष्ट अवश्य सांगावी. दूरचा देश एकदम जवळ येतो.

घरी आणि शाळेत करण्याजोगे पाच उपक्रम

१. कापीव कागदाच्या पताका. मेक्सिकोत सणाला रस्त्यावर रंगीत पातळ कागदाच्या जाळीदार पताका लावतात. त्यांना ‘पापेल पिकादो’ म्हणतात. आपल्याकडील जत्रेच्या पताका आणि गणपतीच्या मखराची जुनी कागदी जाळी यांचेच हे भावंड. पतंगाचा कागद चार घड्या घालून कडेने त्रिकोण, अर्धवर्तुळे कापावीत आणि उलगडून सुतळीवर चिकटवावा. पहिलीच्या मुलांना दोनच घड्या पुरेत. येथे एक हात कात्री चालवतो आणि दुसरा कागद फिरवतो; दोन हातांना दोन वेगळी कामे करण्याची ही उत्तम तालीम आहे. कात्री बोथट टोकाची, पण धारेला चांगली असावी. धार नसलेली कात्री मुलाला जोर लावायला भाग पाडते आणि तीच निसटून लागते. डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताची कात्री द्यावी; त्याचा हात बदलण्याचा प्रयत्न करू नये.

२. देवाचा डोळा. दोन काड्या अधिक चिन्हासारख्या बांधायच्या आणि रंगीत लोकर एकेका काडीभोवती वेढा देत मधून बाहेर विणत न्यायची. चौकोनी डोळ्यासारखी नक्षी तयार होते. मेक्सिकोतील हुइचोल या आदिवासी समाजाची ही कला. मूल जन्मल्यावर मधला डोळा विणायचा आणि ते पाच वर्षांचे होईपर्यंत दरवर्षी एक रंग वाढवायचा, अशी प्रथा सांगतात. आपल्याकडे बांबूच्या कामट्या किंवा माडाच्या झावळीचे जाड हीर त्यासाठी उत्तम. हिराची टोके बोथट करून घ्यावीत. एकाच क्रमाने शंभर वेळा वेढा द्यायचा असल्यामुळे चंचल मुलेही यात रमतात. माझ्या मते या पाचांत चित्त स्थिर करणारा उपक्रम हाच.

३. पिन्याता. फुगवलेल्या फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने थरावर थर चिकटवायच्या, वाळल्यावर फुगा फोडायचा, वरून झिरमिळ्या कागदाने सजवायचे आणि आत खाऊ भरून टांगायचे. मग डोळे बांधून काठीने फोडायचे. ही मेक्सिकोची दहीहंडीच म्हणावी. फरक एवढाच की येथे मनोरा नाही, त्यामुळे कोणी पडण्याची भीती नाही. पारंपरिक पिन्याता सात टोकांच्या ताऱ्याची असते आणि ती टोके सात पापांची, असे मानतात. खाऊ म्हणून गोळ्या-चॉकलेटांऐवजी भाजलेले शेंगदाणे, चिक्की, आमसुलाच्या पुड्या, खोडरबर, रंगीत खडू भरावेत. मात्र पाच वर्षांखालील भावंडे जवळ असतील तर शेंगदाणे टाळावेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. काठी हलकी असावी आणि बाकीच्या मुलांसाठी जमिनीवर खडूने मोठे वर्तुळ आखून त्याच्या बाहेर उभे करावे.

४. स्वप्नातले प्राणी. मेक्सिको शहरातील कागदाच्या लगद्याचे कारागीर पेद्रो लिनारेस १९३६ च्या सुमारास तीव्र तापाने आजारी पडले. ग्लानीत त्यांना पंख असलेली गाढवे, शिंगे असलेले कोंबडे असे चमत्कारिक प्राणी दिसले. बरे झाल्यावर त्यांनी ते लगद्यातून घडवले. ‘अलेब्रिखे’ नावाने ती कला आज जगभर गाजते आहे. तापातील भ्रमातून एक कलाप्रकार जन्माला यावा, ही गोष्ट डॉक्टरला विशेष भावते. आपल्या शिमग्यातील काळ्या वेषाचा, टोकदार टोपीचा संकासुर मुलांना जितका भिववतो तितकाच हवाहवासा वाटतो. त्याच जातीचा हा आनंद आहे. ज्या मुलाला रात्री भीतीची स्वप्ने पडतात, त्याला स्वप्नातला प्राणी लगद्यातून करायला सांगावे. भीतीला आकार आणि रंग दिला की तिच्याशी बोलता येते. लगदा पिळणे आणि थापणे हा तळहाताच्या लहान स्नायूंसाठी चांगला व्यायामही आहे.

५. झेंडूची कागदी फुले आणि कातळाची चित्रे. झिरमिळ्या कागदाचे सहा-आठ थर पंख्यासारखे दुमडून मध्ये दोरा बांधावा आणि एकेक थर अलगद वर उचलावा, झेंडू फुलतो. जोरात ओढले की फाटतो. किती जोर लावावा, हे बोटांना येथे आपोआप कळते. मोठ्या मुलांना याच्या जोडीला आपल्या जिल्ह्याचा वारसा दाखवावा. मेक्सिकोतील मुले ज्या अभिमानाने आपल्या जुन्या संस्कृतीची चित्रे गिरवतात, त्याच अभिमानाने उक्शी, जांभरूण, कशेळी, बारसू येथील सड्यांवर कोरलेले हत्ती, मासे, पक्षी आपल्या मुलांनी गिरवावेत. ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. चाळलेली तांबडी माती पाण्यात कालवून थोडा गोंद घातला की रंग तयार. त्यासाठी बाजारात जाण्याचीही गरज नाही.

रंग, खळ आणि रानातल्या बिया

आता थोडे सावधगिरीविषयी. मेक्सिकोची चकचकीत मातीची भांडी देखणी असतात. परंतु त्यांच्या पारंपरिक झिलईत शिसे असते आणि त्यात शिजवलेल्या आंबट पदार्थांतून ते पोटात जाते, हे तेथील आरोग्याचे जुने दुखणे आहे. मुलांच्या शरीरात शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. ते वाढत्या मेंदूला इजा करते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भाग अशी मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण घरात उरलेला जुना डबा त्याआधीचा असू शकतो. म्हणून मुलांना भिंतीचे वा लोखंडाचे तैलरंग, शेंदूर किंवा सुटे चमकदार पावडरी रंग देऊ नयेत. पाण्यात विरघळणारे शालेय रंग घ्यावेत आणि मुलांनी रंगवलेल्या भांड्यात काहीही खायला देऊ नये.

खळ टिकावी म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या खळीत ते नकोच. मैद्याची खळ त्या दिवसापुरतीच करावी. लगद्याची कामे आपल्या पावसाळ्यात करू नयेत. ती वाळत नाहीत, त्यांना बुरशी येते आणि दम्याच्या मुलांना त्या बुरशीचा त्रास होतो. दिवाळीनंतरचे कोरडे ऊन यासाठी योग्य.

कोकणात निसर्गातील वस्तू हस्तकलेसाठी सहज मिळतात. तेथेच खरा धोका लपलेला असतो. काजूच्या कच्च्या बीच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते. लाल-काळी गुंज दिसायला मोहक, पण चावून गिळली तर प्राणघातक ठरू शकते. पिवळ्या कण्हेराची बी, जिला आपण बिट्टी म्हणतो आणि मुले खेळायला घेतात, ती हृदयाची गती बिघडवते. हे झाडही योगायोगाने मेक्सिकोकडचेच. एरंडाच्या बियांबाबतही हेच. माळा ओवायच्या असतील तर चिंचोके घ्यावेत. पण घरात रांगते मूल असेल तर तेही उचलून ठेवावेत.

गरम गोंदाचे यंत्र आणि क्षणात चिकटणारा द्रव मोठ्यांच्याच हाती असावा. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये. पापण्या चिकटल्यास ओढू नयेत. कोमट पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे यावे. सजावटीच्या दिव्यांतील बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवण्यात वा केळी खाऊ घालण्यात वेळ न दवडता थेट मोठे रुग्णालय गाठावे. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा करते.

हात काय सांगतो

हस्तकला करणाऱ्या मुलाकडे लक्ष ठेवले, तर काही आजार लवकर ध्यानात येतात. मूल कागद नाकाजवळ नेत असेल किंवा एक डोळा मिटून पाहत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत. जवळचे काम अर्ध्या तासाने थांबवून मुलाला बाहेर पाठवावे. रोज सुमारे दोन तास उजेडात, उघड्यावर खेळणे हे चष्म्याचा नंबर लागण्यापासून बऱ्याच अंशी संरक्षण देते. वर्षाच्या आतील बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली ठेवत असेल, तर ते कौतुकाने ‘डावरे’ म्हणून सोडून देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे असे : पाच ते पंधरा वर्षांच्या ज्या मुलाचे अक्षर आधी चांगले होते आणि काही आठवड्यांत एकाएकी बिघडले, हातातून वस्तू पडू लागल्या, चेहरा वेडावाकडा होऊ लागला, विनाकारण रडू येऊ लागले, त्याला रागावू नये, तपासावे. घशाच्या संसर्गानंतर काही महिन्यांनी होणाऱ्या संधिवाती तापाचे हे एक रूप असू शकते. मुलींत ते अधिक आढळते. वरकरणी हा हातांचा दोष दिसतो, पण त्याच्या जोडीला हृदयाच्या झडपांना इजा झालेली असू शकते. वेळेवर ओळखले तर पेनिसिलिनच्या दीर्घ उपचाराने पुढील हानी टाळता येते. ‘हल्ली फार वेंधळेपणा करते’ या शब्दांत आईने सांगितलेली तक्रार म्हणूनच डॉक्टरने कधी हसण्यावारी नेऊ नये.

प्रकल्प कोणाचा?

आपल्या प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात कला आणि कार्यानुभव हे विषय आहेत. अडचण अशी, की परीक्षा जवळ आली की त्यांचे तास गणिताला जातात आणि ‘प्रकल्प’ घरी येतो. रात्री दहा वाजता मूल झोपलेले असते आणि आई थकल्या डोळ्यांनी पुठ्ठा कापत असते. सकाळी शाळेत जाणारी ती सुबक वस्तू पाहून सर्व मुलांच्या मनावर एकच गोष्ट ठसते : माझ्या हातचे काम दाखवण्याजोगे नाही. तिच्यासाठी आईची झोप खर्च करण्याचे कारण नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की वेड्यावाकड्या कडेच्या पताकेला अधिक गुण द्यावेत. ती मुलाने कापली आहे. पालकांना विनंती अशी, की आठवड्यातून दोन दिवस पाऊण तास घरातील सर्व पडदे बंद ठेवून मुलाच्या शेजारी बसावे आणि स्वतःसाठी वेगळा कागद घ्यावा. मुलाचा कागद त्याच्याच हाती राहू द्यावा. सुरुवात देवाच्या डोळ्याने करावी. दोन काड्या आणि उरलेली लोकर एवढेच लागते, खर्च जवळपास काही नाही. एक डोळा पूर्ण झाला की त्याच हातांना शर्टाची बटणे स्वतः लावायला सांगावे. महिन्याभरात बोटांचे अडखळणे कमी झालेले दिसेल. नाहीच झाले, तर टॉनिकच्या बाटलीकडे न वळता मुलाला तपासणीसाठी आणावे.